पाव फुलाची परीक्षा

“आपंडि! अरे बंद करो! थांबवा की रे समदे माग, थांबवा!”

व्यंकटशेठ तीन भाषांत ओरडत होते आणि तिन्ही भाषा मागांच्या खडखडाटात बुडून जात होत्या. पन्नास माग एका छपराखाली चालत असले की माणसाचा आवाज म्हणजे लग्नाच्या बँडपुढं डासाचं गाणं. तरी व्यंकटशेठ हा काही साधा डास नव्हता. हा माणूस आपल्या कारखान्यात कुजबुजला तर होटगी स्टेशनावर गार्ड हिरवी झेंडी दाखवायचा, असं आम्ही म्हणत असू. पण त्या दिवशी मागांनी त्यांनाही हरवलं. शेवटी त्यांनी पायातली चप्पल काढली, डोक्यावर तीनदा गरगर फिरवली, आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या रसूलभाई जॉबरनं ती खूण ओळखून मागांचा मेन स्विच खाली ओढला. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. त्याला मालकाच्या चपलेचीही नाडी कळते.

शांतता झाली. अशी की छपरावरची कबुतरं गोंधळून चालत घरी गेली. मी अतिशयोक्ती करत नाही. त्या गल्लीत भरदिवसा माग थांबायचे ते दोनच कारणांनी, वीज गेली तर नाहीतर कुणी गेलं तर. घरोघरी पंख्यांची पाती फिरत होती, म्हणजे वीज होती. दोन मिनिटांत अख्खी गल्ली दारात जमली. एका म्हातारीनं तर व्यंकटशेठचं नाव घेऊन गळाच काढला.

“अगं मी हाय की हितंच!” शेठ दारात येऊन गरजले. “कोन बी मेलं न्हाय! चित्रकलेची परीक्षा हाय!”

म्हातारीनं डोळे पुसले आणि जरा निराश होऊनच घरात गेली.

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरासमोरून सकाळपासून पोरं चालली आहेत. खांद्याला ड्रॉइंग बोर्ड, त्याला चिमट्यात अडकवलेला कोरा कागद, हातात पाण्याचा डबा. भाद्रपद सरत आला, परतीच्या पावसानं अंगण दोनदा धुऊन काढलं, मधल्या उन्हानं पाठ भाजायला सुरुवात केली, की आमच्या सोलापुरात एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा हंगाम येतो. इतर गावांना चार ऋतू असतील. आम्हाला उन्हाळा, कडक उन्हाळा, आणि मध्ये हे चार दिवस. या दिवसांत मला अजूनही नाकाशी ओल्या कापसाचा, मागाच्या तेलाचा आणि स्वस्त जलरंगाच्या वड्यांचा एकत्र वास येतो. घरातली माणसं म्हणतात, सर्दी झाली आहे. सर्दीला काय कळतंय?

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. मी शाळेत मराठी शिकवायला नुकता लागलो होतो, म्हणजे बाकीचे शिक्षक जे काम टाळत ते माझ्याकडे यायचं. आमचे चित्रकलेचे बिराजदार सर मूळचे अक्कलकोटकडचे. मिशा अशा की त्यांचा स्वतंत्र हजेरीपट ठेवावा. त्यांनी फळ्यावर खडूनं काढलेलं वांगं शिपायानं घरी न्यायचा दोनदा प्रयत्न केला होता. बारा वर्षं अर्ज-विनंत्या करकरून त्यांनी आमच्या शाळेला या परीक्षेचं केंद्र मिळवलं होतं, आणि मंगळवेढ्यापासून कुंभारीपर्यंतची पोरं एसटीनं आमच्याकडं परीक्षेला येऊ लागली होती. त्यावर्षी नेमक्या परीक्षेच्या तीन दिवस आधी परतीच्या पावसानं शाळेच्या हॉलचे पत्रे उचलून शेजारच्या चिंचेवर वाळत घातले. हॉलमध्ये गुडघाभर पाणी. परीक्षा रद्द झाली असती तर केंद्र गेलं असतं, आणि पोरांचं वर्षही.

सर डोक्याला हात लावून बसले नाहीत. मला म्हणाले, “चल, उजेड मागून आणू.”

उजेड म्हणजे व्यंकटशेठच्या कारखान्यातला. त्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं. प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला काचा, आणि सगळ्या काचा उत्तरेला तोंड करून. उत्तरेचा उजेड दिवसभर हलत नाही, सावली सरकत नाही, रंग खोटे बोलत नाहीत. “चित्रकार असल्या उजेडासाठी जीव टाकत्यात,” सर सांगायचे, “आन हितं त्यात टॉवेल विणत्यात!” त्या रस्त्यानं जाताना ते छपराकडं असं बघायचे, जसं एखादा उपाशी माणूस हलवायाच्या दुकानाकडं बघतो.

शेठनी ऐकून घेतलं. त्यांना चित्रातलं काही कळत नव्हतं. त्यांच्या ऑफिसातलं देवाचं कॅलेंडर तीन वर्षांपूर्वीचं होतं, कारण त्यातला देव चांगला हसत होता. त्यांनी फक्त एवढं विचारलं, “किती दिवस?”

“दोन.”

“पोरं आपली का बाहेरगावची?”

“बाहेरगावची लई.”

“मग जेवन बी आमचंच,” शेठ म्हणाले आणि ओरडायला उठले.

कामगारांनी मिटिंगबिटिंग घेतली नाही. थांबलेल्या मागांपाशीच रसूलभाईनं सगळ्यांना विचारलं, आणि पुढच्या दोन साप्ताहिक सुट्ट्या मोडून हे दोन दिवस भरून काढायचे ठरले. त्यांच्यापैकी कुणाचं पोर परीक्षेला बसलं नव्हतं. कला म्हणजे काय यावर मी त्यानंतर शंभरेक व्याख्यानं ऐकली, चारदोन दिलीही. पण सुट्टी मोडून शांतता देणारी माणसं मला पुन्हा एका जागी दिसली नाहीत. रसूलभाईनं तर कमालच केली. मागांच्या शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. ओल्या रंगावर बसले की चित्राला दाढी फुटते. त्यानं परीक्षेआधीची रात्रपाळी सुटल्यावर गोणपाटं भिजवून पन्नास मागांखालची जमीन तीनदा पुसली. वर आम्हाला बजावलं, “सर, बच्चे लोगों को बोलो, पंखा नै लगाने का. पसीना आया तो चलता, पर रुई नै उडना.”

आता नरसय्याअण्णांकडं येतो. खरं तर सगळं त्यांच्यासाठीच सांगतो आहे.

कारखान्याच्या कडेला कबुतराच्या खुराड्याएवढी एक खोली होती. तिथं नरसय्याअण्णा चौकटीच्या कागदावर एक डोळा मिटून लाल-काळी घरं भरत बसलेले असायचे. चादरीवर जी फुलं, वेली, मोर दिसतात ते आधी असे घराघरांनी कागदावर येतात, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, आणि ते पुठ्ठे मागावर चढले की मागाला कळतं कुठला धागा उचलायचा. पंचवीस वर्षं हा माणूस फुलं काढत होता. थंडीच्या दिवसांत हिमालयापासून रामेश्वरापर्यंत जेवढी माणसं घोरायची, त्यांतली निम्मी नरसय्याअण्णांच्या फुलांखाली घोरायची. उरलेल्या निम्म्यांना थंडी वाजायची. पण चादरीच्या कोपऱ्यात नाव कारखान्याचं. अण्णांचं नाव त्यांच्या गल्लीलाही धड माहीत नव्हतं.

त्या जूनमध्ये त्यांच्या मुलीला, लक्ष्मीला, पाचवीत घालायला ते आमच्या शाळेत आले होते. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. पोरीनं ठणकावून सांगितलं, “चित्रकार.” कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. “दाखला आहे का काही? परीक्षा? सर्टिफिकेट?” अण्णांनी मान हलवली. कारकुनानं ‘मजूर’ लिहिलं आणि शिक्का मारला. मागं रांगेत उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. मी तिथंच होतो. काहीतरी बोलायला पाहिजे होतं हे मला रात्री जेवताना सुचलं.

आठवड्यानं अण्णा बिराजदार सरांकडं आले.

“सर, चित्रकलेच्या परीक्षेला बाहेरचा मानूस बसतो का?”

“बसतो की. कोन बसनार हाय?”

“मी.”

सर हसले नाहीत. माझ्याकडं बघून मला हसू दिलं नाही. कपाटातून फॉर्म काढला, स्वतः भरला, आणि म्हणाले, “नरसय्या, वस्तुचित्राची तेवढी सवय करा. बाकी तुम्हाला मी काय शिकवू?”

म्हणून त्या दोन दिवसांत उत्तरेच्या उजेडात, मागांच्या मधल्या गल्ल्यांत, बारा-तेरा वर्षांची पाऊणशे पोरं मांडी घालून बसली होती आणि त्यांच्यात पंचेचाळिशीचे नरसय्याअण्णा, पांढरं धोतर, कपाळावर गंध, पाठ मागाला टेकलेली. शेजारच्या मंगळवेढ्याच्या पोरानं विचारलं, “काका, तुमी किती वेळा नापास झालाव?” अण्णा म्हणाले, “अजून एकदा बी न्हाय.”

पहिल्या दिवशीचं वस्तुचित्र म्हणजे मडकं, दोन लिंबं आणि घडी घातलेला टॉवेल. पोरांनी टॉवेल म्हणून पांढरा ढीग काढला. अण्णांच्या टॉवेलाला मी हात पुसायला गेलो होतो. खोटं वाटत असेल तर रसूलभाईंना विचारा. ते नसतील तर माझ्यावर विश्वास ठेवा.

दुसऱ्या दिवशी संकल्पचित्र. चौकोनात फुलापानांची नक्षी काढा, अडीच तास. सरांनी प्रश्नपत्रिका वाटताना माझ्या कानात सांगितलं, “आज बघ. हा पेपर त्यांच्या घरचा.” खिडकीबाहेर व्यंकटशेठ चवड्यावर उभे होते. बाहेर रस्त्यावर दोन विणकर सायकलवाल्यांच्या घंटीवर हात ठेवत होते, आणि पलीकडं ओट्यावर बिड्या वळणाऱ्या बायकांनी पानं कापायच्या कात्र्यासुद्धा हळू चालवल्या होत्या.

अण्णांनी आधी चौकोनाच्या मधोमध दोन रेघा काढून त्याचे चार भाग केले. मग खालच्या डाव्या भागात कामाला लागले. काय हात होता तो! अशी कमळाची पाकळी सुटली की पाण्यातून आत्ताच वर आली आहे. देठ वळला, पान दुमडलं, कळीच्या टोकाला लाल रंगाचा एकच ठिपका बसला. पाऊण तासात ते पाव फूल असं पूर्ण झालं की मला वाटलं, देवानं सुद्धा कमळ असंच चौथाई काढून बघितलं असेल आणि मग पुढं गेला असेल.

देव पुढं गेला. अण्णा गेले नाहीत. त्यांनी कुंचला धुतला, पुसला, बैठक क्रमांक लिहिला, आणि समाधानानं मागाला टेकून बसले. तीन भाग कोरे.

मला आधी कळेना. सरांना एका क्षणात कळलं. त्यांच्या मिशा खाली आल्या. चादरीचं डिझाइन काढणारा माणूस कधीच अख्खं फूल काढत नाही. पाव काढतो. डावीकडचं उजवीकडं मागाच्या दोऱ्यांच्या बांधणीनं आपोआप येतं, आणि खालचं वर पुठ्ठ्यांची माळ उलटी फिरवली की येतं. पंचवीस वर्षांत नरसय्याअण्णांच्या हातानं एकदाही दुसरा कोपरा काढलेला नव्हता. त्यांच्या लेखी पेपर संपला होता.

अजून पावणेदोन तास बाकी होते. एक शब्द, नुसता एक शब्द पुरला असता. “सर, सांगा की,” मी कुजबुजलो.

“पर्यवेक्षकानं उमेदवाराशी बोलायचं न्हाय.”

“मी सांगतो.”

“तू बी पर्यवेक्षकच हायस.”

सर अण्णांच्या जवळून गेले आणि खोकले. अण्णांनी अदबीनं उठून उभं राहायचा प्रयत्न केला. सर दुसऱ्यांदा खोकले. अण्णांनी कनवटीतून खडीसाखरेचा खडा काढून पुढं धरला. सर तो तोंडात टाकून पुढं गेले, आणि मग त्यांना स्वतःच्या खोकल्याचीच लाज वाटली असावी. ते शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. खिडकीतून व्यंकटशेठनीही तो कोरा कागद बघितला होता. मालक माणूस, डिझाइन ओळखणारा. त्यांचा चेहरा लाल झाला, गळ्याची शीर फुगली, तोंड उघडलं. सरांनी तिथूनच मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. आणि व्यंकटशेठनी, होटगीच्या गार्डला हलवणाऱ्या व्यंकटशेठनी, उपरण्याचा बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला. दीड तास ते तसे उभे होते. मी आजवर अनेक तपस्वी बघितले. कुणाच्या तोंडात उपरणं नव्हतं.

घंटा झाली. कागद गोळा झाले, लाख लागली, गठ्ठा बंद झाला. मग सर अण्णांपुढं खाली जमिनीवर बसले.

“नरसय्या, बाकीचं फूल कुटं हाय हो?”

“ते काय, मागावर येतंय की,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडं बघितलं, आजूबाजूच्या पोरांच्या हातातले चारी कडांना रंग लागलेले बोर्ड बघितले, आणि पाठीमागच्या थांबलेल्या मागावर हळूच हात ठेवला. “मागालाच टेकून बसलो होतो, सर,” ते म्हणाले. बाहेर लक्ष्मी डबा घेऊन उभी होती. त्यांनी डबा घेतला, दोन घास कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर खाल्ली, आणि खुराड्यात जाऊन कामाला बसले. संध्याकाळी माग सुरू झाले. गल्लीला हायसं वाटलं.

सर मात्र बरेच दिवस स्वतःला बोल लावत होते. परीक्षा शाळेच्या हॉलमध्ये झाली असती, पाठीशी माग नसता, तर कदाचित अण्णांना आठवलं असतं. मीच त्यांना त्यांच्या सवयीच्या मांडीवर नेऊन बसवलं, म्हणायचे. मी म्हटलं, तुम्ही एक शब्द बोलला असता तर? त्यावर ते म्हणाले, “मग त्या कागदावर माझं नाव आलं असतं. त्यांचं नाव कागदावर यावं म्हनूनच बसले होते की ते.” सर गेल्याला कितीतरी वर्षं झाली. पण कुणी प्रामाणिकपणावर भाषण करायला लागलं की मला एक पाठमोरा माणूस दिसतो, तोंडात खडीसाखर, समोर भिंत.

निकाल थंडीत आला. केंद्र राहिलं, पोरं बहुतेक पास. अण्णा नापास.

त्याच थंडीत गावातल्या काही मंडळींनी सत्कार समिती काढली. एक कलावंत, एक शिक्षक, एक उद्योजक, असे तीन सत्कार. शाल द्यायची का यावर दोन बैठका झाल्या. सोलापुरात शाल देणं म्हणजे कोल्हापुरात पुण्याहून गूळ नेणं, म्हणून चादर ठरली. आमच्याकडची चादर अशी की बारीक अंगाच्या माणसाचा सत्कार केला की तो थोडा वेळ दिसेनासा होतो. शिक्षक बिराजदार सर, उद्योजक व्यंकटशेठ. कलावंत म्हणून मुंबईचे एक चित्रकार ठरले होते, त्यांची तार आली की येणं जमत नाही. सरांनी नाव सुचवलं. चिटणीस खुर्चीतून उडाले.

“अहो सर, ते एलिमेंटरीत नापास आहेत! गाव हसेल!”

“रात्री अंगावर काय घेता?” सरांनी विचारलं.

“चादर.”

“ती नापास मानसाची हाय. आजपासनं उघडे झोपा.”

थंडी खरंच कडक होती. ठराव एकमतानं मंजूर झाला.

समारंभाला पेठेतले विणकर आले होते, रसूलभाई अत्तर लावून आले होते, पहिल्या रांगेत लक्ष्मी दोन वेण्या घालून बसली होती. व्यंकटशेठ माइकवर बोलले. माइक बंद होता हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते एवढंच म्हणाले की, मी पन्नास माग दोन दिवस बंद ठेवले म्हणून मला हार घालताय, हा मानूस पंचवीस वर्षं ते चालवतोय, त्याला कधी घातला होता का हार? मग सरांनी स्वतः अण्णांच्या खांद्यावर चादर पांघरली. ती अण्णांच्याच कमळाची होती. गावानं टाळ्या वाजवल्या त्या मला अजून ऐकू येतात. विणकरांचे हात मोठे असतात, टाळी जोरात बसते. अण्णांना बोलायला सांगितलं, तर त्यांनी हात जोडले आणि खाली बसले. पण लक्ष्मीकडं त्यांनी बघितलं, आणि लक्ष्मीनं मागं वळून सगळ्या गावाकडं बघितलं. त्या पोरीची मान तेव्हा जी वर झाली ती बघायला तो कारकून तिथं असायला हवा होता. होता म्हणा; चौथ्या रांगेत. त्यानंही टाळ्या वाजवल्या. बऱ्या वाजवल्या.

मांडवातून बाहेर पडताना मी अण्णांच्या बरोबर चालत होतो. चादरीचं ओझं, नारळ, हार, आणि माझा उत्साह. मी म्हणालो, “अण्णा, आज सगळ्या गावानं तुम्हाला कलावंत म्हणून मान दिला. सरांनी दिला, शेठनी दिला. आता त्या सर्टिफिकेटची काय मातब्बरी? आता कोण विचारणार आहे तुम्हाला?”

अण्णांनी चादर काढून नीट घडी घातली, ती लक्ष्मीच्या हातात दिली, आणि म्हणाले,

“फुडच्या सालचे फारम कधी सुटत्यात?”